‘ओळखलंत का?’ हा प्रश्न आता पुरे

आमच्या घरी येणारे बहुतेक नातेवाईक चपला काढता काढताच अण्णांना विचारतात, “काय अण्णा, वळखलं का? सांगा बघू मी कोण?” विचारणाऱ्याच्या मनात माया असते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्या वेळी माझे लक्ष अण्णांच्या चेहऱ्याकडे असते. आधी ते हसतात, मग त्यांच्या कपाळाला आठी पडते, खांद्यावरच्या टॉवेलचे टोक ते बोटाभोवती गुंडाळू लागतात आणि शेवटी “हां, म्हणजे काय, ओळखलं की” असे म्हणून माझ्याकडे बघतात. पाहुणा मात्र तेवढ्यावर सोडत नाही. “मग नाव सांगा!” असा पुढचा प्रश्न येतो, आणि वर्गात उभे करून ठेवलेल्या मुलासारखे अण्णा मान खाली घालतात.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ८४. राज्य परिवहन महामंडळात त्यांनी ३१ वर्षे कंडक्टरची नोकरी केली, त्यातली बरीचशी सातारा आगारात. गेली सहा वर्षे त्यांना अल्झायमर आहे, आणि त्यांची देखभाल मुख्यतः माझ्याकडे आहे. अशा घरी भेटायला जाणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या घरात हे नुकतेच सुरू झाले आहे त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. कारण ज्या गोष्टी मला पहिल्या वर्षी कोणी सांगायला हव्या होत्या, त्या मी अण्णांना दुखवत दुखवत शिकले.

सुरुवात लक्षात येण्यासारखी नव्हती. वाण्याच्या हिशेबात चार आण्यांची चूक सहन न करणाऱ्या अण्णांनी एका महिन्यात दूधवाल्याला दोनदा पैसे दिले. राजवाड्यावरून घरी येताना ते भलत्याच गल्लीत वळले आणि ओळखीच्या एका रिक्षावाल्याने त्यांना आणून सोडले. एकच गोष्ट ते सकाळी, दुपारी आणि रात्री तितक्याच उत्साहाने सांगू लागले. मग एके दिवशी पेन्शनचे पैसे सापडेनात, आणि अण्णांनी शेजारच्या काकूंना सांगितले की सूनबाईने काढले. ते पैसे नंतर तांदळाच्या डब्यात मिळाले. त्यांनीच ते तिथे ठेवले होते. पैसे मिळाले, तरी त्या दिवशी मी खूप रडले. घरात कोणी तरी म्हणाले, “म्हातारचळ आहे, मनावर घेऊ नकोस.”

म्हातारचळ, भ्रमिष्ट, साठी बुद्धी नाठी, दुसरे बालपण. आपल्या भाषेत या अवस्थेसाठी शब्दांची कमतरता नाही, पण त्यातला एकही शब्द आजाराचा नाही. हे सगळे शब्द वयाचे आहेत, आणि वयाला औषध नसते म्हणून डॉक्टरकडे जाण्याचा प्रश्नच उरत नाही. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये गोव्यातील अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच दिसले होते. म्हातारपणातील विसराळूपणा लोकांना चांगला ओळखू येत होता, पण तो आजार म्हणून नव्हे, तर वयाचा भाग म्हणून, नाही तर मुलांनी केलेल्या हेळसांडीचा परिणाम म्हणून. या दुसऱ्या समजुतीचा भार घरातल्या सुनेवर पडतो, हे मी अनुभवाने सांगू शकते. ‘म्हातारीला नीट बघत नाहीत, म्हणून तिचं असं झालं’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते.

भारतातील मोठ्या पाहणीवर आधारलेला एक अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ६० वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) आहे; अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. आकडा मोठा आहेच, पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. साठी ओलांडलेल्या शंभरांपैकी नव्वदाहून अधिक माणसांची बुद्धी नाठी झालेली नाही. मग ज्याची होते, त्याच्या मेंदूत काही तरी बिघडले आहे असे म्हणून तपासणी करायला नको का?

आम्ही ज्या पहिल्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी “वय झालं, चालायचंच” असे सांगून टॉनिक लिहून दिले, आणि त्यात आमचे जवळपास वर्ष गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासले. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदावलेली क्रिया, रक्तातले सोडियम उतरणे, नैराश्य, डोक्याला मार लागून आत साचलेले रक्त, एवढेच काय, पण काही नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम, यांमुळेही माणूस विसरू लागतो आणि यांतल्या बहुतेक गोष्टींवर उपचार होतात. हे सगळे बाजूला काढल्याशिवाय स्मृतिभ्रंश म्हणायचे नसते. मग मेंदूचे स्कॅन झाले आणि त्यानंतर प्रश्नोत्तरे. वजाबाक्या अण्णांनी डॉक्टरांचे बोलणे संपायच्या आत सांगितल्या. हाताशी कोणतेही यंत्र नसताना पन्नास माणसांचे सुटे पैसे हिशेबाने परत केलेला माणूस तो! आम्हाला हायसे वाटले. पण पाच मिनिटांपूर्वी सांगितलेले तीन शब्द विचारल्यावर, आपल्याला काही शब्द सांगितले होते हेच त्यांना ठाऊक नव्हते.

ती परीक्षा आवश्यक होती. अशी परीक्षा घेण्याचा अधिकार डॉक्टरांना आहे, कारण उत्तराचे काय करायचे हे त्यांना माहीत असते. या आजाराची वैद्यकीय गोष्टच मुळी अशा प्रश्नांपासून सुरू झाली. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची बाई दाखल झाली आणि डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिला प्रश्न विचारून तिची उत्तरे लिहून ठेवली. नाव काय? ऑगुस्टे. आडनाव? ऑगुस्टे. नवऱ्याचे नाव? बहुधा ऑगुस्टेच, असे ती म्हणाली. ती तेव्हा ५१ वर्षांची होती, म्हणजे आपल्या म्हणीतल्या साठीला अजून नऊ वर्षे बाकी होती. स्वतःचे नाव लिहायला सांगितल्यावर तिला ते लिहिता आले नाही, आणि आपण हरवलो आहोत असे ती म्हणाली. १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाला. तिच्या मेंदूत पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत पडलेल्या गाठी अल्झायमर यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या, आणि पुढे १९१० मध्ये मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

स्मृतिभ्रंशाचे अल्झायमर हे एकमेव कारण नाही. लहान-मोठ्या पक्षाघातांमुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटत जाऊनही तो होतो. लुई बॉडी नावाच्या प्रकारात माणसाला नसलेली माणसे किंवा प्राणी दिसतात. आणखी एका प्रकारात स्मरण बरेच दिवस शाबूत राहून आधी स्वभावच बदलतो. तरीही जगातील रुग्णांपैकी ६० ते ७० टक्के अल्झायमरचे असतात. त्यात मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर झिजतो. नव्या आठवणी पक्क्या करण्याचे काम तिथे होते. अण्णांच्या पद्धतीने सांगायचे, तर प्रवाशाला तिकीट दिले गेले पण वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदावर, नोंदच पडली नाही. नोंदच नाही, तर ती शोधायची कुठे? अण्णा दहा मिनिटांपूर्वी जेवले आणि पुन्हा “जेवायचं कधी?” असे विचारतात, तेव्हा ते जेवण विसरलेले नसतात, त्यांच्या लेखी ते झालेलेच नसते. १९७२ च्या दुष्काळातली वेबिले मात्र अजून कपाटात नीट लावून ठेवलेली आहेत. खडीच्या कामावर निघालेल्या माणसांनी गाडी कशी भरून जायची, हे ते आजही सांगतात.

हे समजल्यावर तांदळाच्या डब्यातल्या पैशांचाही उलगडा झाला. आपण पैसे लपवले याची नोंद नाही, पैसे जागेवर नाहीत, आणि घरात दिवसभर दिसणारी व्यक्ती एकच आहे. उरलेल्या तुकड्यांतून मेंदू जी जुळणी करू शकतो ती त्याने केली. तेव्हापासून मी “मी नाही घेतले” असे म्हणणे सोडून दिले. “अरे बापरे, चला अण्णा, आपण दोघं मिळून शोधू” एवढे म्हणते आणि त्यांच्याबरोबर शोधू लागते. शोधता शोधता आरोप विरून जातो. मला हे पहिल्या प्रयत्नात जमले नाही, दहाव्यातही नाही.

सर्वांत मोठी चूक माझ्या हातून आईंच्या बाबतीत झाली. आमच्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, जाऊन आठ वर्षे झाली. अण्णांनी आयुष्यात कधी त्यांचे नाव घेतले नाही. त्यांच्या पिढीत ‘ही’ म्हटले की बायको. एका संध्याकाळी त्यांनी मला विचारले, “ही कुठं गेली? अजून कशी आली नाही?” मी सरळपणे सांगितले, “अण्णा, आईंना जाऊन दोन वर्षं झाली.” ते जमिनीवर बसले. ती बातमी त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळत होती. आणि मी, खोटे बोलायचे नाही या हट्टापायी, ती त्यांना पुढच्या महिनाभरात आणखी पाच-सहा वेळा दिली. प्रत्येक वेळी ते नव्याने विधुर झाले. आता त्यांनी विचारले की मी विचारते, “आईंची आठवण येतेय का, अण्णा?” मग ते बोलू लागतात. आईंच्या हातचे कुळथाचे पिठले, माहुलीच्या घाटावरची धुणी, पहिल्या मुलाच्या वेळचे त्यांचे आजारपण. यात मी खोटे काही सांगत नाही. त्यांना हवे असते ते ‘तिची’ माणसे, तिचा विषय. तारीख त्यांना नको असते.

संध्याकाळ हा आमच्या दिवसातला अवघड भाग. उन्हे उतरली की अण्णांची चलबिचल सुरू होते. कपाटातून खाकी रंगाचा कोणताही शर्ट काढून ते अंगात चढवतात आणि म्हणतात, “माझी पेटी कुठाय? बामणोलीची मुक्कामी गाडी आहे माझी.” संध्याकाळी साताऱ्याहून निघायचे, यवतेश्वर आणि कास ओलांडून बामणोलीला मुक्काम करायचा आणि पहाटे तीच गाडी घेऊन परतायचे, ती ड्यूटी त्यांनी वर्षानुवर्षे केली होती. दिवस कलताना गोंधळ वाढणे हे स्मृतिभ्रंशात अनेकांना होते. थकलेला मेंदू, मंदावलेला उजेड, लांबलेल्या सावल्या, बिघडलेले झोपेचे चक्र, अशी त्याची कारणे सांगितली जातात. पहिल्या वर्षी मी दाराला कडी घालून त्यांना समजावत बसले होते की तुम्ही १९९९ सालीच निवृत्त झालात. त्यांनी मला ढकलले. ज्या माणसाने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, त्याने ढकलले. नंतर विचार केला तेव्हा वाटले, की गाडी सुटायला दहा मिनिटे आहेत, फलाटावर माणसे उभी आहेत आणि एक बाई आपल्याला दाराबाहेर पडू देत नाही, अशा स्थितीत आपण तरी काय केले असते?

आता साडेचार वाजताच मी घरातले सगळे दिवे लावते. पाचला चहा, मग आम्ही दोघे कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत चालून येतो. तरीही मुक्कामी गाडीचा विषय निघालाच, तर त्यांच्यासमोर एक जुनी पत्र्याची पेटी ठेवते, त्यात एक, दोन, पाच आणि दहाची नाणी मिसळलेली असतात. “अण्णा, भरणा करायचा राहिलाय” असे म्हटले की ते मांडी घालून बसतात. आणि मग त्यांचे हात बघत राहावेत. अंगठ्याने नाणे सरकवत दहा-दहाच्या चळती लागत जातात, एकही चुकत नाही, मान वर होत नाही, बोटे थरथरत नाहीत. माझे नाव त्यांना दर आठवड्याला तरी विसरायला होते, पण हातांचे शिक्षण मेंदूत वेगळ्या ठिकाणी साठवलेले असते आणि ते बरेच उशिरा जाते. भरणा करायचा नसताना ‘राहिलाय’ म्हणणे हे खोटेच नाही का, असा प्रश्न मला माझ्या नणंदेने विचारला होता. हो, आहे. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे आणि ज्या खोटेपणामुळे माणूस आपल्या कामात सन्मानाने बसतो तो मी पत्करते. ज्यामुळे त्याला फसवून कुठे न्यायचे असते किंवा त्याची सही घ्यायची असते, तो नाही.

सहीचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकते, कारण तिथे आमची धावपळ झाली. अण्णांची सही बदलत गेली आणि बँकेत ती जुळेना. खिडकीवरचा तरुण त्यांना पुन्हा पुन्हा सही करायला लावत होता. ही आणखी एक परीक्षा, आणि मागे रांग. तेव्हा कळले की कुलमुखत्यारपत्रावर फार विसंबता येत नाही, कारण आपल्याकडच्या करार कायद्याप्रमाणे ते देणारी व्यक्ती मनाने अक्षम झाली की ते संपुष्टात येते, म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते त्याच दिवशी. पुढे पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागू शकते. म्हणून निदान होताच, माणसाला अजून सगळे समजत असताना, त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीने खाते संयुक्त करणे, नामनिर्देशन पाहणे, मृत्युपत्र करणे, शेवटच्या आजारपणात काय हवे आणि काय नको हे विचारून ठेवणे, ही कामे उरकावीत. आम्ही विचारले नाही. अण्णांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो आणि आता विचारण्याची वेळ गेली.

औषधांविषयी थोडेच लिहिते. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काहींना काही काळ बरे वाटते, आजार त्यांनी थांबत नाही, आणि त्यांनी नाडी मंदावू शकते म्हणून हृदयाचा आलेख पाहावा लागतो. पण माणूस चिडतो, रात्री फिरतो म्हणून ‘शांत करणारी गोळी द्या’ असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नये. मनोविकारांवरच्या काही औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. कधी कधी ती लागतात, हे खरे. पण आधी कारण शोधावे. एका पावसाळ्यात अण्णा दोन दिवसांत एकदम बिघडले. दिवसा झोप, रात्री बडबड, भिंतीवर माणसे दिसू लागली. आजार वाढला असे समजून आम्ही हात टेकले होते. लघवीची तपासणी केली तेव्हा जंतुसंसर्ग निघाला आणि उपचारानंतर आठवड्याभरात ते बरेचसे पूर्वपदावर आले. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी पुढे सरकतो. दोन दिवसांत बदल झाला तर संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणे, कुठे तरी दुखणे, नवे औषध, यांपैकी काही तरी असू शकते आणि ते त्या माणसाला बोलून दाखवता येत नाही.

कानांचेही तसेच. अण्णा उत्तर देत नाहीत म्हणजे समजत नाही, असे आम्ही धरून चाललो होतो. अर्ध्या वेळेला त्यांना ऐकूच येत नव्हते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे १४ बदलता येण्याजोगे घटक मांडले, त्यात कमी ऐकू येणे आहे, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा आणि न सुधारलेली दृष्टीही आहे. हे सगळे सांभाळले तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांच्या बाबतीत आजार टाळता किंवा लांबवता येऊ शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. अण्णांना उशीर झाला; मी मात्र माझा रक्तदाब मोजायला लागले आहे.

आणि जो सांभाळतो त्याचे काय? गोव्यात अमित डायस आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८१ कुटुंबे होती. त्यांतल्या निम्म्या घरी, थोडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने नियमाने जात राहिले. आजार समजावून सांगायचा, वागणुकीतल्या अडचणींवर मार्ग काढायचा, सांभाळणाऱ्या माणसाचे ऐकून घ्यायचे, हे त्यांचे काम. सांभाळणाऱ्यांची मानसिक अवस्था सुधारली आणि रुग्णाच्या वागणुकीचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. त्यासाठी मोठे रुग्णालय लागले नाही, महागडे यंत्र लागले नाही. माझ्याकडे असे कोणी आले नाही, पण महिन्यातून दोन रविवार नणंद येऊन बसते, आणि त्या दोन रविवारांवर माझे उरलेले दिवस चालतात. ‘काही लागलं तर सांगा’ असे म्हणणाऱ्यांना मला सांगावेसे वाटते की काय लागते ते आम्हाला सुचण्याइतकी उसंत नसते. “मी गुरुवारी चार ते सहा येते, तू बाहेर जाऊन ये” असे म्हणा.

भेटायला याल तेव्हा समोरून या, मागून हाक मारू नका. खाली बसा, म्हणजे तुमचा चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर येईल. आपले नाव आणि नाते आपणच सांगून टाका. ‘आत्ताच तर सांगितलं’, ‘आठवतंय का?’, ‘काल मी आलो होतो ना?’ ही वाक्ये दाराबाहेर ठेवा. त्यांच्यादेखत माझ्याकडे वळून “आता यांना काही कळत नाही का?” असे विचारू नका. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांतले प्रसंग दाखवले गेले. थोड्या वेळाने त्यांना आपण काय पाहिले हे जवळजवळ आठवत नव्हते, पण त्यातून आलेले दुःख किंवा आनंद त्यांच्या मनात टिकून होता. आमच्याकडे पाहुणा नाव विचारून जातो, अण्णा तासाभरात पाहुणा विसरतात आणि रात्रभर अस्वस्थ राहतात.

मागच्या महिन्यात वाईहून त्यांचा भाचा आला होता. मी त्याला फोनवर सगळे सांगून ठेवले होते. आल्यावर तो पलंगाशेजारी खाली बसला आणि म्हणाला, “मामा, मी दत्ता. तुमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. वाईहून आलोय.” अण्णा म्हणाले, “या, या, पुढं सरका.” पेटी समोर होतीच. दत्ताने काही न विचारता पाचची नाणी वेगळी काढून त्यांच्याकडे सरकवायला सुरुवात केली. अर्धा-पाऊण तास दोघे तसे बसले होते. बोलणे झाले ते एवढेच की दहाची नाणी पूर्वी नव्हती. तो गेल्यावर अण्णांनी पेटीचे झाकण लावले, टॉवेलने हात पुसले आणि मला विचारले, “कोण होता गं तो?” मी सांगायच्या आतच म्हणाले, “माणूस चांगला होता. त्याला जेवूनच पाठवायचं होतंस.”